मुंबईचा डेटा हैदराबादेतही: दोन डेटा सेंटरमध्ये कॅसँड्रा उभी करताना

डेटाबेसची प्रत दुसऱ्या शहरात ठेवायचं काम आजकाल एका दुपारीत उरकतं. तीन यंत्रं इथे, तीन तिथे, थोडं कॉन्फिगरेशन, दोन-चार कमांड, झालं. डोक्याला ताप होतो तो पुढे. मुंबई-हैदराबादमधला दुवा तुटल्यावर आलेली नोंद स्वीकारायची की नाकारायची, हे कुणी आधी ठरवलेलंच नसतं. मग ते डेटाबेस ठरवतो, आणि त्याने काय ठरवलं हे आपल्याला ग्राहकाच्या फोनवरून कळतं. म्हणून या लेखात कमांड आहेतच, पण प्रत्येक पायरीला आपण कुणाच्या उत्तरासाठी थांबतोय हा प्रश्न जास्त वेळा येईल.

उदाहरणाला अपाची कॅसँड्रा घेतली आहे. फेसबुकमध्ये जन्मलेला आणि २००८ मध्ये सर्वांसाठी खुला झालेला हा डेटाबेस एकापेक्षा जास्त डेटा सेंटरची कल्पना पोटात घेऊनच आला आहे. त्यात मुख्य आणि दुय्यम असा भेद नाही, सगळे नोड, म्हणजे डेटाबेस चालवणारी यंत्रं, सारखे. शिकायला हे सोयीचं पडतं. सेटिंगची आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा आणि सेटिंगच्या नावांत शब्दांमध्ये अंडरस्कोर येतो हे लक्षात ठेवा.

आधी ठरवा: दुसरं शहर लागतं का?

समजा, तुमचं अ‍ॅप गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहे. गेटवर वॉचमन येणाऱ्याची नोंद करतो, फ्लॅटमध्ये सूचना जाते, आतून कुणीतरी 'पाठवा' म्हणतं. डोंबिवली, मुलुंड, खारघर अशा सोसायट्या तुमच्या ग्राहक आहेत. दिवसभर नोंदी येत राहतात, जुनी नोंद सहसा कुणी बदलत नाही. कॅसँड्राला असं काम मानवतं.

अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग, म्हणजे भाड्याने सर्व्हर देणाऱ्या त्याच्या क्लाउडचं इथलं केंद्र, २०१६ मध्ये सुरू झाला आणि त्यात आज तीन झोन आहेत. झोन म्हणजे वीज, कूलिंग आणि नेटवर्क वेगळं असलेला एक किंवा अधिक इमारतींचा गट. प्रत्येक झोनमध्ये एक अशा तीन प्रती ठेवल्या तर एक झोन पूर्ण गेला तरी दोन प्रती हातात राहतात. लहान कंपनीला बहुतेक वेळा एवढं पुरतं, आणि माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष एवढ्यावरच काढावं. दुसरं शहर म्हणजे यंत्रांचा दुप्पट खर्च, त्यावर दोन विभागांत ये-जा करणाऱ्या डेटाचं वेगळं बिल, आणि रात्री उठवणाऱ्या अलर्टची नवी जात.

तरीही ते लागू शकतं. मोठ्या ग्राहकाच्या करारात आपत्कालीन केंद्राची अट असते. अख्खा विभागच कोलमडण्याची शक्यता थोडी असली तरी शून्य नसते. शिवाय मुंबईचा स्वभाव आपल्याला माहीत आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकलही जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरला जनरेटर असतात, त्यामुळे वीज गेली म्हणजे सर्व्हर बंद असं होत नाही. पण अशा दिवशी डिझेलचा टँकर, पाळीवर येणारा माणूस आणि मधल्या नेटवर्कची उपकरणं एकाच शहरात अडकलेली असतात.

शहर निवडताना पुण्याचा मोह होतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचा एक भारतीय विभाग तिथेच आहे आणि जवळ असल्याने वेग छान मिळतो. पण मुंबई-पुण्याचा पावसाळा, वीजपुरवठा आणि केबलचे मार्ग यांत बरंच काही सामायिक असतं. दुसरं शहर घ्यायचंच, तर ते पहिल्याच्या संकटात सापडणार नाही इतकं लांब घ्यावं. अ‍ॅमेझॉनवर असाल तर हैदराबाद, तो विभाग नोव्हेंबर २०२२ पासून आहे. गुगलवर मुंबईच्या जोडीला दिल्ली, अझूरवर चेन्नई. सिंगापूर स्वस्त दिसलं तरी पेमेंटची माहिती साठवत असाल तर तिकडे वळण्याआधी रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक वाचा. पेमेंट व्यवस्थेची माहिती फक्त भारतातच साठवावी, असं ते सांगतं. आपण मुंबई आणि हैदराबाद धरून चालू.

कोरमचं गणित

इथे घाई करू नका. पुढे जे काही बिघडतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा या भागात सापडतं.

प्रत्येक शहरात तीन प्रती ठेवायच्या असं ठरलं, म्हणजे एका नोंदीच्या एकूण सहा प्रती. आता नोंद लिहिताना किती प्रतींकडून 'मिळालं' असं उत्तर आलं की अ‍ॅपला यश कळवायचं? हे प्रत्येक क्वेरीबरोबर, म्हणजे डेटाबेसला केलेल्या प्रत्येक मागणीबरोबर, ठरवता येतं. सोसायटीच्या सभेसारखाच इथेही कोरम लागतो: निम्म्याहून एक जास्त. तीन प्रती असतील तर दोन, सहा असतील तर चार.

गंमत त्या चारमध्ये आहे. नुसतं 'कोरम' असं सेटिंग ठेवलं की कॅसँड्रा सहाही प्रती एकत्र मोजते आणि चार उत्तरांची वाट पाहते. मुंबईत प्रती तीनच. म्हणजे चौथं उत्तर प्रत्येक वेळी हैदराबादहून यायला हवं. दुवा तुटला की दोन्ही शहरांत तीन-तीनच प्रती उरतात, चार कुणाकडेच नाहीत आणि दोन्हीकडचं लिहिणं बंद पडतं. एक शहर पडलं तरी चालावं म्हणून एवढा खर्च केला, आणि हाती काय आलं तर कुठलंही एक शहर पडलं की बंद पडणारी व्यवस्था. एका शहरात निवांत चाललेलं सेटिंग दुसरं शहर जोडताना तसंच राहून गेलं की हे घडतं.

यावर उपाय म्हणजे 'लोकल कोरम'. यात मोजणी फक्त आपल्या शहरातल्या तीन प्रतींची होते, दोन उत्तरं आली की काम झालं. वाचतानाही लोकल कोरमच ठेवा. लिहिताना दोन आणि वाचताना दोन म्हणजे चार, प्रती तीन. त्यामुळे ताजी नोंद असलेली निदान एक प्रत वाचणाऱ्या दोघांत असतेच. त्याच शहरात लिहिलं आणि त्याच शहरात वाचलं तर आत्ता लिहिलेलं आत्ता दिसतं.

गेटवर काय घडतं ते जवळून पाहू. वॉचमन कुरियरवाल्याचं नाव टाकून बटण दाबतो. विनंती मुंबईतल्या अ‍ॅप सर्व्हरवर येते, तो ती मुंबईतल्याच एखाद्या नोडला देतो. त्या वेळेपुरता हा नोड समन्वयक. तो मुंबईतल्या तिन्ही प्रतींकडे नोंद पाठवतो आणि त्याच क्षणी हैदराबादेतल्या एका नोडकडेही. हैदराबादचा तो नोड आपल्या शहरातल्या बाकी दोघांना ती पुढे देतो, त्यामुळे लांबच्या तारेवरून प्रत्येक नोंद एकदाच जाते. मुंबईतून दोन उत्तरं आली की वॉचमनच्या फोनवर हिरवी खूण उमटते. हैदराबादला नोंद पोचतेच आहे, फक्त तिच्या उत्तरासाठी कुणी थांबलेलं नाही.

थांबायचं ठरवलं तर किंमत किती? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत ६२० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जायला तीन आणि यायला तीन, असे सहा मिलिसेकंद निसर्गच घेतो. केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत उपकरणं असतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून मोठाच येणार. तो पिंग करून स्वतः मोजा. एका नोंदीला एवढा वेळ कुणाला जाणवणार नाही. पण एका स्क्रीनसाठी एकामागून एक वीस क्वेरी मारणारं अ‍ॅप असेल तर तो वीसपट जाणवतो.

लोकल कोरमची दुसरी बाजूही बघा. मुंबई अचानक पूर्ण गेली तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी हैदराबादला पोचलेल्या नसण्याची शक्यता उरते. वॉचमनला हिरवी खूण मिळाली, पण नोंद हैदराबादेत नाही. मुंबईच्या डिस्क शाबूत परतल्या तर ती सापडेल. पाहुण्यांच्या नोंदवहीला हे चालून जातं. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पैशांना चालणार नाही. पैशांचा हिशेब मी कॅसँड्रात ठेवणारच नाही, तो वेगळ्या रिलेशनल डेटाबेसात जाऊ दे. कॉक्रोचडीबी, युगाबाइट किंवा गुगलचा स्पॅनर हे डेटाबेस प्रत्येक नोंदीला बहुमत मिळवूनच पुढे जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. पण त्यांना तीन ठिकाणं लागतात. दोनच शहरं असतील तर एकात बहुमत आणि दुसऱ्यात अल्पमत अशी वाटणी होते, आणि बहुमताचं शहर गेलं की सगळं थांबतं.

'ईच कोरम' असाही एक पर्याय आहे, त्यात दोन्ही शहरांचा वेगवेगळा कोरम लागतो. नवख्यांना तो सुरक्षित वाटतो. एक शहर गेलं की त्यातही लिहिणं थांबतं, हे माहीत असेल आणि मान्य असेल तरच वापरा.

नावं: एकदा दिली की दिली

आता यंत्रांकडे. प्रत्येक शहरात तीन यंत्रं, तीन वेगळ्या झोनमध्ये. सरावासाठी आठ जीबी मेमरीची यंत्रं पुरतात. दोन्हीकडे कॅसँड्राची आवृत्ती तीच हवी आणि क्लस्टरचं, म्हणजे या सगळ्या नोडच्या गटाचं, नावही अक्षरशः तेच.

कुठला नोड कुठल्या शहरात आणि कुठल्या झोनमध्ये आहे हे कॅसँड्राला सांगणाऱ्या घटकाला स्निच म्हणतात. मूळ सेटिंगमधला साधा स्निच सगळ्यांना एकाच डेटा सेंटरमध्ये धरतो, त्याला हात जोडा आणि 'गॉसिपिंग प्रॉपर्टी फाइल स्निच' निवडा. मग प्रत्येक यंत्रावर 'रॅकडीसी प्रॉपर्टीज' या छोट्या फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या: डेटा सेंटरचं नाव आणि रॅकचं नाव. रॅकच्या जागी झोनचं नाव टाका, म्हणजे कॅसँड्रा तीन प्रती तीन झोनमध्ये आपोआप वाटते.

या नावांत लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जातो. एका यंत्रावर मोठ्या अक्षराने सुरू होणारी मुंबई आणि दुसऱ्यावर लहान अक्षराची मुंबई लिहिली तर दोन वेगळी डेटा सेंटर तयार होतात. आणि नोड एकदा डेटा घेऊन चालू झाला की त्याच्या डेटा सेंटरचं नाव बदलता येत नाही, बदललं तर तो सुरू व्हायलाच नकार देतो. चालू क्लस्टर 'डेटासेंटर१' या मूळ नावानेच धावत असेल तर ते तसंच ठेवा, नाव सुंदर करायच्या फंदात पडू नका.

रस्ता

दोन विभागांतली खासगी नेटवर्क एकमेकांना जोडायची, अ‍ॅमेझॉनवर त्याला व्हीपीसी पीअरिंग म्हणतात. यासाठी दोन्हीकडचे आयपी पत्ते एकमेकांवर चढता कामा नयेत. मुंबईला १०.१० ने सुरू होणारे आणि हैदराबादला १०.२० ने सुरू होणारे पत्ते दिले की काम सोपं. नेटवर्क आधीच बनलेलं असेल आणि दोन्हीकडे तेच पत्ते असतील, तर नव्या शहराचं नेटवर्क पाडून पुन्हा बांधा. नंतर हे निस्तरणं फार महागात पडतं.

नोड आपापसांत ७००० क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात, तेवढं दोन्ही शहरांच्या नोडमध्ये उघडा. अ‍ॅपसाठीचं ९०४२ पोर्ट फक्त अ‍ॅप सर्व्हरसाठी. इंटरनेटवर दोन्हींपैकी काहीही उघडं नको. शहराबाहेर जाणारी वाहतूक कूटबद्ध करा: 'इंटरनोड एन्क्रिप्शन' या सेटिंगला 'डीसी' अशी किंमत दिली की फक्त दोन डेटा सेंटरमधला संवाद कूटबद्ध होतो. सर्टिफिकेटं बनवण्यात अर्धा दिवस जाईल, जाऊ द्या. कॉम्प्रेशनलाही 'डीसी' हीच किंमत ठेवा, बिल कमी येतं.

दोन वेगळ्या कंपन्यांचे क्लाउड जोडणार असाल किंवा ऑफिसमधून स्वतंत्र लाइन घेणार असाल, तर पुरवठादाराला केबलचा मार्ग विचारा. दोन कंपन्यांच्या दोन लाइन कागदावर वेगळ्या आणि प्रत्यक्षात त्याच फुटपाथखालच्या त्याच चरात असतात. मुंबईत रस्ता कधी कोण खणेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

हैदराबाद जोडण्याआधी अ‍ॅप बांधून घ्या

हा क्रम उलटा झाला तर मोठा घोळ होतो. नवे नोड क्लस्टरमध्ये आले की अ‍ॅपच्या ड्रायव्हरला, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या लायब्ररीला, ते आपोआप दिसतात. ड्रायव्हरला आपलं शहर कुठलं हे सांगितलेलं नसेल तर तो रिकाम्या हैदराबादकडेही क्वेरी पाठवू लागतो आणि उत्तर येतं: नोंद नाही. वॉचमनच्या स्क्रीनवरून सकाळचे सगळे पाहुणे गायब.

म्हणून आधी ड्रायव्हरमध्ये लोकल डेटा सेंटर म्हणून मुंबईचं नाव द्या आणि प्रत्येक क्वेरीचं सेटिंग लोकल कोरम करा. बऱ्याच ड्रायव्हरचं मूळ सेटिंग 'लोकल वन' असतं, म्हणजे एकाच प्रतीचं उत्तर पुरे. ते जाणूनबुजून बदलावं लागतं. कोडमध्ये शोध घेऊन 'कोरम' कुठे हाताने लिहिलेला आहे का तेही पाहा. एखाद्या जुन्या रिपोर्टच्या कोपऱ्यात तो हमखास सापडतो.

आता जोडा

कीस्पेस म्हणजे टेबलांचा गट. तुमचा कीस्पेस शहरं न पाहता प्रती वाटणाऱ्या 'सिंपल स्ट्रॅटेजी'वर असेल तर आधी तो शहरागणिक प्रती ठरवणाऱ्या 'नेटवर्क टोपॉलॉजी स्ट्रॅटेजी'वर आणा, फक्त मुंबईच्या तीन प्रती सांगून. हैदराबादचं नाव अजून घालू नका.

मग हैदराबादचे नोड सुरू करायचे. त्यांच्या यामल फाइलमध्ये, म्हणजे मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये, 'ऑटो बूटस्ट्रॅप' ही ओळ घालून तिची किंमत 'फॉल्स' करा. ही ओळ मूळ फाइलमध्ये नसते, आपण लिहायची. ती विसरलात तर नवा नोड येताक्षणी डेटा खेचायला सुरुवात करतो, आणि आपल्याला ते आत्ता नको आहे. सीड नोडच्या, म्हणजे सुरू होताना नवा नोड ज्यांच्याकडून बाकीच्यांची माहिती घेतो त्यांच्या, यादीत दोन्ही शहरांतले दोन-दोन पत्ते द्या. ही यादी सहाही यंत्रांवर सारखी हवी. नोड एकेक करून सुरू करा, नोडची अवस्था दाखवणारी 'नोडटूल स्टेटस' ही कमांड चालवा आणि आधीचा 'यूएन', म्हणजे नीट चालू, दिसल्यावरच पुढच्याला हात लावा. स्टेटसमध्ये आता मुंबई आणि हैदराबाद अशी दोन शीर्षकं, प्रत्येकाखाली तीन ओळी दिसतील. शीर्षकं तीन दिसली तर नावाच्या स्पेलिंगकडे परत जा.

सहाही नोड उभे राहिले की 'ऑल्टर कीस्पेस' करून हैदराबादच्या तीन प्रती जाहीर करा. या क्षणापासून नवी नोंद दोन्हीकडे जाते. जुन्या नोंदी मात्र अजून मुंबईतच आहेत. त्या आणण्यासाठी हैदराबादच्या प्रत्येक नोडवर 'नोडटूल रीबिल्ड' चालवायचं आणि त्याला मुंबईच्या डेटा सेंटरचं नाव द्यायचं. ते नाव द्यायला विसरू नका. नाव दिलं नाही तर नोड शेजारच्या रिकाम्या नोडकडूनही डेटा मागू शकतो आणि काहीच न आणता काम झाल्याचं सांगतो.

रीबिल्ड चालू असताना मुंबईच्या नोडवर वाचनाचा भार पडतो, म्हणून गेटवर गर्दी नसेल तेव्हा, रात्री उशिरा करा. 'नोडटूल नेटस्टॅट्स' किती डेटा आला ते दाखवतं. मुंबई धापा टाकायला लागली तर दोन डेटा सेंटरमधल्या वहनाचा वेग नोडटूलने चालू असतानाच कमी करता येतो. झाल्यावर 'ऑटो बूटस्ट्रॅप'ची ओळ काढून टाका, नाहीतर पुढे कधीतरी नवा नोड जोडाल आणि तो रिकामाच बसेल.

पासवर्ड कुठे ठेवलेत?

हे इतक्या वेळा राहून जातं की वेगळं सांगतो. वापरकर्ते आणि पासवर्ड 'सिस्टिम ऑथ' नावाच्या कीस्पेसमध्ये असतात आणि मूळ सेटिंगमध्ये त्याची क्लस्टरभर एकच प्रत असते. तुमच्या टेबलांच्या सहा प्रती केल्यात आणि याला हात लावला नाहीत, तर मुंबई गेल्यावर हैदराबादेत डेटा असेल पण लॉगिन होणार नाही. यालाही दोन्ही शहरांत तीन-तीन प्रती द्या. 'सिस्टिम डिस्ट्रिब्यूटेड' आणि 'सिस्टिम ट्रेसेस' यांनाही. हे सगळं रीबिल्डच्या आधी केलं तर तो डेटाही त्याच फेरीत येतो.

आणखी एक. 'कॅसँड्रा' या नावाच्या मूळ सुपरयूजरचं लॉगिन पूर्ण कोरम मागतं, म्हणजे आपलं ते चारचं गणित. दुवा तुटला की तो वापरकर्ता आत येऊ शकत नाही. स्वतःचा सुपरयूजर बनवा, मूळ बंद करा. सुरक्षेसाठीही ते आवश्यकच आहे.

घड्याळं आणि डागडुजी

एकाच नोंदीवर दोन ठिकाणांहून बदल झाले तर कॅसँड्रा ज्याची वेळ नंतरची तो ठेवते, दुसरा निमूटपणे टाकते. म्हणजे घड्याळ चुकलेला सर्व्हर खऱ्या बदलावर बाजी मारू शकतो. सगळ्या यंत्रांवर क्रोनी हे घड्याळं जुळवणारं सॉफ्टवेअर बसवा, अ‍ॅप सर्व्हरवरसुद्धा, कारण वेळेचा शिक्का सहसा ड्रायव्हरच मारतो. अ‍ॅमेझॉनच्या आत १६९.२५४.१६९.१२३ या पत्त्यावर वेळ मिळते. सुरुवातीला अ‍ॅप मुंबईतच चालू ठेवा आणि हैदराबाद तयारीत बसू द्या. दोन्हीकडून एकाच वेळी लिहिण्याचा सोस नंतर.

एकच पार्किंगची जागा दोघांना मिळू नये अशी अट असलेलं काम मात्र शेवटची वेळ पाहून सुटत नाही. त्यासाठी 'आधी नसेल तरच लिही' असा व्यवहार आहे. त्यातला 'सीरियल' दोन्ही शहरांना विचारतो आणि अनेक फेऱ्या मारतो. 'लोकल सीरियल' एकाच शहरापुरती खात्री देतो. दोन्ही शहरांतून लोकल सीरियल वापरलंत तर एकाच जागेवर दोन गाड्या आल्याच म्हणून समजा.

एखादा नोड बंद असेल तर त्याच्या वाटच्या नोंदी इतर नोड चिठ्ठ्यांसारख्या जपून ठेवतात आणि तो परतल्यावर देतात. या हिंट मूळ सेटिंगप्रमाणे तीन तासच गोळा होतात. दुवा चार तास तुटला तर शेवटच्या तासाच्या नोंदी हैदराबादला आपोआप जाणार नाहीत. तिथे प्रती ताडून फरक भरून काढणारं 'नोडटूल रिपेअर' चालवावंच लागतं.

रिपेअर एरवीही नियमाने हवं. कॅसँड्रात खोडलेली नोंद लगेच जात नाही, तिच्यावर खुणेचा दगड बसतो आणि तो मूळ सेटिंगमध्ये दहा दिवस राहतो. दहा दिवसांत ही खूण एखाद्या नोडपर्यंत पोचलीच नाही आणि बाकीच्यांनी ती झाडून टाकली, तर त्या नोडवरची जुनी नोंद जिवंत होऊन सगळीकडे पसरते. सोसायटी सोडून गेलेला भाडेकरू पुन्हा यादीत दिसू लागतो. दर आठवड्याला प्रत्येक नोडवर, दोन्ही शहरांत, प्रायमरी रेंजचं, म्हणजे त्या नोडच्या मुख्य वाट्याचं, रिपेअर लावा आणि ते पूर्ण झालं का याचा अलर्ट ठेवा.

आणि बॅकअप वेगळा घ्या. कुणी चुकीची डिलीट क्वेरी मारली तर ती सहाही प्रतींवर तितक्याच तत्परतेने पोचते. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रती, घेऊन ते क्लस्टरबाहेरच्या साठ्यात ठेवा.

दुवा स्वतःच तोडा

हे केल्याशिवाय काम झालं असं कुणालाही सांगू नका.

अ‍ॅमेझॉनवर सिक्युरिटी ग्रुपचा, म्हणजे तिथल्या फायरवॉलचा, नियम काढून दुवा तोडायचा प्रयत्न केलात तर आधीपासून जोडलेली कनेक्शनं काही काळ तशीच चालू राहू शकतात, आणि सगळं छान चाललंय असा गैरसमज होतो. हैदराबादच्या यंत्रांवर आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने १०.१० चे सगळे पत्ते अडवा. तुम्ही हैदराबादला मुंबईच्या यंत्रावरून उडी मारून जात असाल तर स्वतःलाच बाहेर काढाल, तेव्हा दुसरी वाट आधी तयार ठेवा.

आता मुंबईत 'नोडटूल स्टेटस' पाहा. थोड्या वेळात हैदराबादच्या तिन्ही ओळी 'डीएन', म्हणजे बंद, होतील. सीक्यूएलशेल या हाताने क्वेरी देण्याच्या साधनात लोकल कोरम ठेवून एक नोंद घाला: जाईल. मग कोरम ठेवून घाला: पुरेशा प्रती उपलब्ध नाहीत असं उत्तर येईल. ही त्रुटी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, पुढे कधी लॉगमध्ये दिसली की लगेच ओळखाल. हैदराबादेत लोकल कोरमने तीच नोंद वाचा, ती नसेल. अडथळा काढा, हिंट पोचायला थोडा वेळ द्या, पुन्हा वाचा. आली पाहिजे.

दुसरी कवायत मोठी: मुंबईचे तिन्ही नोड आणि अ‍ॅप सर्व्हर बंद करून हैदराबादवरून अ‍ॅप चालवायचं. डेटाबेस इथे सहसा पास होतो, नापास होतात त्याच्या शेजारची माणसं. एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीने फक्त मुंबईचे आयपी मान्य केलेले असतात, त्यामुळे ओटीपी जात नाही. पाहुण्यांचे फोटो मुंबईच्याच साठ्यात असतात. अ‍ॅपच्या गुप्त किल्ल्या मुंबईच्याच तिजोरीत. डोमेनचं नाव नव्या पत्त्याकडे वळवायचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो रजेवर. कवायतीत निघालेली ही यादी लिहून काढा, एकेक मिटवा आणि पुन्हा कवायत करा. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, वर्षाची एक फेरी ठरवून टाकलेली बरी.

मुंबई परत चालू करताना ती किती वेळ बंद होती ते मोजा. तीन तासांच्या आत असेल तर हिंट पुरेत. जास्त असेल तर अ‍ॅप मुंबईकडे वळवण्याआधी तिथे रिपेअर पूर्ण होऊ द्या, नाहीतर लोकल कोरमने वाचताना मधल्या वेळच्या नोंदी दिसणार नाहीत.

सरावाची यंत्रं झाल्यावर नुसती थांबवू नका. थांबवलेल्या यंत्राच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. यंत्रं मिटवा, डिस्क आणि स्नॅपशॉट दोन्ही शहरांच्या पानांवर जाऊन तपासा, कारण कन्सोल एका वेळी एकच विभाग दाखवतो आणि हैदराबादच्या विसरलेल्या डिस्क महिन्याच्या बिलातच दिसतात.